इंजिनाची जागा

होंडाजेटचं छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी नजर पंखांवर अडखळली. विमान देखणं होतं. निमुळतं नाक, तुकतुकीत अंग, वैमानिक धरून सहा-सात माणसं मावतील एवढा आटोपशीर देह. पण इंजिनं भलत्याच ठिकाणी होती. पंखांखाली नाहीत, शेपटीजवळही नाहीत. पंखांच्या वर, मागच्या कडेशी, दोन आखूड खांबांवर उभी. मी ते चित्र मोठं करून पुन्हा पुन्हा पाहिलं. माणसाचे कान खांद्यांवर उगवलेले दिसावेत, तसं काहीसं वाटत होतं.

मग वाचत गेलो आणि कळलं की या जागेमागे एका माणसाच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं आहेत. ती जागा सोयीसाठी निवडलेली नव्हती, दिसायला वेगळं म्हणून तर नव्हतीच. ती शोधून काढलेली होती. समुद्रात खडकांमधून होडी नेण्याची एकच वाट असावी आणि ती कुणीतरी चाचपडत शोधावी, तशी.

जेट विमानाला इंजिन लावायला जागा तरी किती असतात? मोठ्या प्रवासी विमानांत ती पंखांखाली टांगलेली असतात. ते ठीकच आहे, कारण त्या विमानांचे पाय लांब आणि पंख उंच. छोट्या जेटचा पंख मात्र जमिनीच्या अगदी जवळ असतो. त्याखाली इंजिन टांगलं तर ते धावपट्टीला टेकायला येईल, खडे-माती आत ओढून घेईल. पाय लांब करावेत, तर चाकांची यंत्रणा जड होते, आणि छोट्या विमानात प्रत्येक किलो मोजून खर्च करायचा असतो. म्हणून इंजिनं मागे गेली, शेपटीच्या पुढे, धडाच्या दोन्ही कुशींना. फ्रान्सच्या काराव्हेल या प्रवासी विमानाने १९५५ साली हा मार्ग दाखवला. अमेरिकेत बिल लियर यांचं लियरजेट २३ हे विमान ७ ऑक्टोबर १९६३ रोजी कॅन्ससमधल्या विचिटा इथून उडालं तेही याच ठेवणीचं. मूठभर माणसांना घेऊन जेटच्या वेगाने जाणारं खासगी विमान ही कल्पना लियरजेटने लोकांच्या मनात रुजवली. १९६९ साली सेसना सायटेशन आलं, त्याचीही इंजिनं मागेच. पुढची कित्येक दशकं हलकं बिझनेस जेट म्हटलं की हेच रूप डोळ्यांसमोर येत राहिलं.

या ठेवणीची किंमत मात्र आतल्या माणसांना मोजावी लागते. दोन्ही कुशींना इंजिनं लावायची, तर त्यांचं ओझं पेलणारी तुळई धडाच्या आरपार न्यावी लागते. ती तुळई आणि तिच्या भोवतीचे आधार मागची बरीच जागा खातात. मोठ्या विमानात ते खपून जातं. धडच जेमतेम दीड-दोन मीटर रुंदीचं असेल, तर तीच जागा सामानाची असते, स्वच्छतागृहाची असते, बसणाऱ्याच्या पायांची असते. शिवाय इंजिनाची थरथर आणि घरघर थेट धडात उतरते. इंजिन धडापासून सोडवता आलं तर किती बरं, हे सगळ्यांनाच कळत होतं. सोडवून ठेवायचं कुठे, हे कुणाला सापडत नव्हतं.

ते सापडलं एका मोटार कंपनीत.

होंडा हे नाव आपल्या घरांत विमानाचं नाही, दुचाकीचं आहे. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाशी भागीदारी करून काढलेली कायनेटिक होंडा ज्यांनी चालवली, त्यांना बटण दाबताच सुरू होणारी ती बिनगिअरची स्कूटर अजून आठवते. पण या कंपनीच्या मुळाशी विमानाचं वेड आहे, आणि ते एका दहा वर्षांच्या मुलाचं आहे.

१९१७ साली आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक जपानमध्ये हामामात्सु शहरात विमानाच्या कसरती दाखवायला आला. वीसेक किलोमीटरवरच्या एका खेड्यात लोहारकाम आणि सायकलदुरुस्ती करणाऱ्या एका माणसाचा मुलगा होता सोइचिरो होंडा. त्याने गुपचूप वडिलांची सायकल काढली. सायकल मोठ्या माणसाची, पाय पुरेनात. मग दांड्याखालून पाय घालून तो तिरका होऊन पायडल मारत राहिला. आपल्याकडे ज्यांनी लहानपणी बापाची सायकल अशी ‘कैची’ मारत चालवली आहे, त्यांना हे दृश्य वेगळं सांगायला नको. मैदानाशी पोचल्यावर कळलं की आत जायला तिकीट आहे आणि तेवढे पैसे आपल्याकडे नाहीत. पोरगा जवळच्या पाइनच्या झाडावर चढला आणि फांदीवर बसून त्याने आभाळात गिरक्या घेणारं विमान पाहिलं. घरी आल्यावर किती तरी दिवस तो वैमानिकासारखी टोपी उलटी घालून आणि बांबूचा गॉगल लावून सायकल हाणत होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच सोइचिरोंनी सैन्याच्या वायरलेस संचांची शिल्लक राहिलेली छोटी इंजिनं सायकलींना जोडायला सुरुवात केली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून त्यांनी अंथरुणात ऊब देणारी गरम पाण्याची बाटली लावली होती. १९४८ साली होंडा मोटर कंपनी उभी राहिली. युद्धातल्या पराभवानंतर जपानला विमानं बनवायची मनाई होती, ती १९५२ साली उठली. १९६२ मध्ये सोइचिरोंनी विमान बनवण्याचा मनोदय जाहीर केला. मोटारसायकली आल्या, मोटारी आल्या, शर्यती आल्या. विमान मात्र राहून गेलं.

त्याचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं १९८६ साली, आणि तेही गाजावाजा न करता. मिचिमासा फुजिनो नावाचे एक तरुण इंजिनिअर दोन वर्षांपूर्वी कंपनीत आले होते. १९६० चा जन्म, टोकियो विद्यापीठातून विमानविद्येची पदवी, पण होंडात आले ते मोटारींवर काम करायला. त्यांना आणि आणखी मोजक्या सहकाऱ्यांना कंपनीने अमेरिकेत मिसिसिपी राज्यात पाठवलं. तिथल्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठात उड्डाण संशोधनाची एक प्रयोगशाळा होती. विमानाचा ओ की ठो माहीत नसलेली कंपनी विमान शिकायला निघाली ती अशी. मोठा कारखाना विकत घेऊन नव्हे, तर विद्यार्थ्यासारखी, विद्यापीठाच्या शेडमध्ये हाताने भाग घासत. मला या साऱ्या हकिकतीतला हा भाग फार मोलाचा वाटतो. श्रीमंत कंपनीला दुसऱ्याचं ज्ञान विकत घेता येतं. होंडाने आपली माणसं शिकायला बसवली.

या शिकण्यातून एमएच०२ नावाचं प्रायोगिक जेट तयार झालं आणि १९९३ साली ते उडालं. त्याचं सगळं अंग कार्बन तंतू आणि राळ यांच्या मिश्र पदार्थांचं होतं, पंख पुढच्या दिशेला झुकलेले होते. शिकण्यासाठी ते उत्तम होतं, विकण्यासाठी नव्हतं. १९९६ साली त्याची उड्डाणं थांबली. सोइचिरो होंडा तर त्याआधीच, १९९१ मध्ये गेले होते. दहा वर्षं खर्चून हातात विकण्याजोगं काहीच नाही, म्हणजे असा प्रकल्प बंद पडायचा.

१९९७ सालची गोष्ट. फुजिनोंच्या डोक्यात इंजिनाच्या जागेचा प्रश्न घोळत होता. लुडविग प्रांटल हे विसाव्या शतकातले थोर जर्मन वायुगतिशास्त्रज्ञ. त्यांच्या विचारांवरचं १९३० च्या दशकातलं एक जुनं पाठ्यपुस्तक फुजिनोंनी चाळलं होतं. संगणक येण्याआधीचं ते पुस्तक. त्यात हवेचा प्रवाह कागद-पेन्सिलने सोडवायच्या रीती होत्या. एक प्रवाह आणि दुसरा प्रवाह एकमेकांत मिसळले की तिसरा कसा होतो, हे दाखवणारी शुद्ध गणिताची चित्रं. एका रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांना एकदम ते दिसलं. जवळ कागद नव्हता. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर विमान काढलं. इंजिनं पंखांच्या वर.

त्यांना काय दिसलं, ते समजून घ्यायचं तर आधी हवेचा एक विलक्षण स्वभाव माहीत असायला हवा.

हवेला पुढचं कळतं. पंख येतोय, हे त्याच्या पुढ्यातल्या हवेला पंख भिडण्याच्या आधीच समजतं आणि ती बाजूला सरायला लागते. कारण पंखाने दाबलेली हवा तो दाब पुढच्या हवेला कळवते, ती त्याच्या पुढच्या हवेला. हा निरोप आवाजाच्या वेगाने जातो. किंबहुना आवाज म्हणजे तो निरोपच. वारीत पुढची दिंडी थांबली की मागचा लोंढा न सांगता मंदावतो, तसं हे. पण वस्तूच निरोपाच्या वेगाने धावू लागली तर? मग निरोप पोचतच नाही. बेसावध हवा अचानक आदळते आणि तिचा दाब, वेग, तापमान सगळं कागदाहूनही कितीतरी पातळ थरात झटक्यात बदलतं. यालाच शॉक वेव्ह म्हणतात, आघात-लहर. ती उभी राहिली की विमानाची शक्ती तिच्यात जळायला लागते.

आता कुणी म्हणेल, होंडाजेट काही आवाजापेक्षा वेगाने जात नाही. खरंय. त्याचा सर्वाधिक वेग ताशी सुमारे ७८० किलोमीटर, म्हणजे त्या उंचीवरच्या आवाजाच्या वेगाच्या शंभरात बहात्तर भाग. पण पंखाच्या वरची बाजू फुगीर असते, आणि तिच्यावरून वळसा घेताना हवा विमानापेक्षाही जोरात पळते. विमान अजून आवाजाच्या मागे असताना पंखाच्या पाठीवरची हवा आवाजाला ओलांडून जाते. म्हणजे आघात-लहरीचा सर्वांत मोठा धोका पंखाच्या पाठीवर, नेमकी जिथे इंजिनं ठेवायची म्हणतोय तिथे. अशा नाजूक जागी इंजिनासारखा धोंडा ठेवायचा, म्हणजे दुथडी भरलेल्या नदीच्या अरुंद घळीत दगड टाकण्यासारखं. प्रवाह आणखी चेपला जाईल, आणखी पळेल, लहर आणखी उग्र होईल. म्हणून विमानशास्त्राचा अलिखित नियमच होता की पंखाच्या वर काही ठेवू नये. नियम मोडण्याचा धीर त्याआधी एका जर्मन प्रवासी विमानाने केला होता. व्हीएफडब्ल्यू ६१४ हे विमान १९७१ साली उडालं, त्याची इंजिनं पंखांवर होती. ते अवघं १९ बनलं आणि बाजारात चाललं नाही.

फुजिनोंना दिसलं ते असं की दगडाची जागा बदलली तर तोच दगड बंधाऱ्याचं काम करू शकतो. इंजिन पंखाच्या पुढच्या भागावर ठेवलं तर घात. पण ते बरंच मागे सरकवलं, इतकं की त्याचं तोंड पंखाच्या रुंदीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग संपल्यावर येईल, आणि पंखापासून मोजकं वर उचललं, तर इंजिनाच्या पुढे थोपलेल्या हवेचा दाब पंखाच्या पाठीवरून धावत येणाऱ्या हवेला किंचित आवरून धरतो. तिचा वेग थोडा कमी होतो. आघात-लहर सौम्य होते. पंखाचा आणि इंजिनाचा त्रास एकमेकांत मिसळून दोन्ही कमी होतात. मोकळ्या पंखाला होणारा हवेचा रोध ज्या वेगाला अचानक वाढू लागला असता, त्याहून थोड्या वरच्या वेगापर्यंत तो आटोक्यात राहतो. इंजिन लावल्याने पंख सुधारतो! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

पण ती जागा अगदी अरुंद आहे. इंजिन जरा पुढे आलं, जरा खाली झुकलं, की वरदानाचा शाप होतो. कॅलेंडरच्या पानावरचं चित्र बरोबर आहे की नाही, हे ठरायला वर्षं लागली. आधी संगणकावर आकडेमोड, मग विंड टनेल. १९९९ साली सिएटलच्या बोइंगच्या विंड टनेलमध्ये, आवाजाच्या वेगाच्या आसपास वारा सोडून, छोट्या प्रतिकृतीवर चाचणी झाली. गणिताने जे सांगितलं होतं तेच वाऱ्याने सांगितलं. तोवर कंपनीतल्या आणि बाहेरच्या अनेक जाणत्यांनी नकारार्थी मान हलवली होती. तेव्हाचे होंडाचे अध्यक्ष नोबुहिको कावामोतो मात्र त्या चित्रामागे उभे राहिले, आणि म्हणून आज आपण हे वाचतो आहोत.

इंजिनाच्या जागेची गोष्ट इतकी मोठी आहे की विमानाच्या बाकीच्या अंगाकडे दुर्लक्ष होतं. पण त्याच्या पंखाचं कातडंही पाहण्यासारखं आहे.

पंखावरून वाहणारी हवा सुरुवातीला थरांनी वाहते, पत्त्यांचा कॅट अलगद सरकवावा तशी. हा शांत प्रवाह पंखाला फार कमी घासतो. मग कुठेतरी त्यात गडबड होते, थर विस्कटतात, भोवरे उठतात आणि घर्षण वाढतं. शांत प्रवाह जितका लांब टिकेल तितकं इंधन वाचेल, हे विमानशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या प्रसिद्ध मस्टँग लढाऊ विमानाचा पंख याच हेतूने आखला होता. पण कागदावर जे जमलं ते पत्र्यावर टिकलं नाही. रिव्हेटचं डोकं, सांध्यातली बारीक पायरी, एवढंही त्या शांततेला पुरतं. होंडाजेटसाठी फुजिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंखाचा स्वतंत्र छेद आखला. त्यात पंखाच्या वरच्या बाजूला रुंदीचे सुमारे ४२ टक्के आणि खालच्या बाजूला ६३ टक्के अंतर प्रवाह शांत राहतो. तो खरोखर राहतो का, हे पाहायला त्यांनी टी-३३ या जुन्या जेट विमानाच्या पंखावर आपल्या पंखाचा आकार हातमोज्यासारखा चढवला आणि ते आभाळात नेऊन मोजमाप घेतलं. मग प्रश्न आला इतका गुळगुळीत पंख बनवायचा कसा. पत्र्याला आतून पट्ट्या रिव्हेटने ठोकण्याऐवजी त्यांनी ॲल्युमिनियमची जाड पाटी घेतली आणि यंत्राने कोरत कोरत आतल्या पट्ट्यांसकट पंखाचं कातडं एकाच तुकड्यातून काढलं. लाकडाच्या ओंडक्यातून काथवट कोरतात, तसंच.

धड मात्र ॲल्युमिनियमचं नाही, कार्बन तंतूंचं आहे. तंतूंचे थर आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी एकत्र रचून, प्रचंड प्रेशर कुकर म्हणता येईल अशा भट्टीत उष्णता आणि दाब देऊन ते एकजीव केलं जातं. त्यामुळे नाकाचा गोलावा हवा तसा घडवता आला. आणि या नाकाची एक मजेची हकिकत आहे. फुजिनो हवाईला गेले असताना एका दुकानात त्यांची नजर फेरागामो कंपनीच्या उंच टाचेच्या बुटावर पडली. त्या बुटाच्या निमुळत्या टोकाची रेष त्यांच्या मनात राहिली आणि पुढे ती विमानाच्या नाकात उतरली. ते नाक देखणं तर आहेच, पण त्याच्यावरूनही हवा शांत वाहते. सौंदर्य आणि उपयोग एकाच रेषेत सापडतात, हे आपल्या जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत आपण रोज पाहत आलो आहोत. विमानात ते पाहताना वेगळाच आनंद होतो.

इंजिनही होंडाने आपलंच ठेवलं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकबरोबर २००४ मध्ये भागीदारी करून एचएफ१२० हे इंजिन तयार झालं. त्याच्या तोंडाशी असलेला पंखा सुमारे ४७ सेंटिमीटर व्यासाचा, घरातल्या मोठ्या परातीएवढा. पाती आणि मधली चकती मिळून एकाच धातूच्या तुकड्यातून कोरलेली. एवढासा तो पंखा, पण एक इंजिन सुमारे ९३० किलोचा रेटा देतं. बोइंग ७७७ च्या सर्वांत मोठ्या इंजिनाच्या तुलनेत हा रेटा पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी. पण होंडाजेटचं पूर्ण भरलेलं वजनच मुळी सुमारे ४,८०० किलो, एका भरदार नर हत्तीएवढं. त्या हत्तीला दोन पराती ४३,००० फुटांपर्यंत नेतात. तिथे हवा जमिनीवरच्या हवेच्या जेमतेम पाचवा हिस्सा दाट असते, म्हणून रोध कमी आणि इंधन कमी. प्रवासी विमानं बहुधा याच्या खालून जातात.

आणि इंजिनं धडापासून सुटल्याचा फायदा आत शिरल्यावर कळतो. मागची तुळई गेली, तिथे सामानाची ऐसपैस जागा आली आणि दार लावता येईल असं स्वच्छतागृह आलं. समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत नाहीत. आवाजही कमी. कॉकपिटमध्ये मोठे पडदे आहेत, आणि हे विमान एकट्या वैमानिकाने चालवायला अमेरिकेच्या नियामकांची मान्यता आहे. अलीकडच्या एलिट २ या आवृत्तीत तर वैमानिकाला भोवळ आली तर विमान स्वतः विमानतळ निवडून स्वतः उतरेल, अशी व्यवस्थाही दिली गेली.

पहिलं होंडाजेट ३ डिसेंबर २००३ रोजी अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो इथून उडालं. त्याच राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर, बरोबर शंभर वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, राइट बंधूंचं विमान जमिनीवरून उचललं गेलं होतं. २००६ साली होंडाने ते विकायचं ठरवलं, वेगळी कंपनी काढली आणि २०१० च्या सुमाराला विमानं देऊ असं सांगितलं. ते जमलं नाही. इंजिनाच्या चाचण्या लांबल्या. इंजिनात बर्फ शिरलं तर काय, या कसोटीतून जाताना दुरुस्त्या कराव्या लागल्या. इंजिनाला २०१३ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली आणि विमानाला २०१५ च्या डिसेंबरात. तोवर चाचणी-विमानांनी ३,००० तासांहून अधिक उड्डाण केलं होतं. हाच काळ अनेकांना मारक ठरला होता. स्वस्त, हलक्या जेटचं स्वप्न दाखवणारी एक्लिप्स ही अमेरिकन कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. होंडा टिकली, कारण तिच्या मागे लाखो दुचाकी आणि मोटारी होत्या. हेही सांगायलाच हवं. एकट्या प्रतिभेवर विमान उडत नाही.

या विमानाचं कौतुक करताना दोन गोष्टी मी झाकून ठेवणार नाही. उतरताना धावपट्टीवरून घसरून बाजूला जाण्याचे अपघात होंडाजेटच्या वाट्याला बरेच आले आहेत. हलकं विमान, आडवा वारा, ओली धावपट्टी आणि एकटा वैमानिक, यातलं काय कुठे नडलं हे ज्या त्या चौकशीने ठरवायचं. पण आभाळात इतक्या नजाकतीने वागणारं यंत्र जमिनीला टेकताना वैमानिकाकडून पूर्ण सावधपणा मागतं. दुसरी गोष्ट, चार माणसांसाठी एक जेट उडवणं हे दर माणशी इंधनाच्या हिशेबाने प्रवासी विमानापेक्षा कितीतरी महाग आहे, पृथ्वीलाही. पहिल्या विमानांची किंमत सुमारे ४५ लाख डॉलर होती. हे वाहन थोड्यांचंच राहणार. तरीही अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत आणि प्रवासी विमानसेवा त्यांतल्या फार थोड्यांना मिळते. सव्वा किलोमीटरच्या आत उड्डाण घेणारं छोटं जेट उरलेल्या गावांपर्यंत पोचतं. रुग्णाला किंवा डॉक्टरांच्या पथकाला घेऊन ते जातं, तेव्हा त्याच्या वेगाचा उपयोग मला पुरेपूर पटतो.

मला या विमानाचं मोल वेगळ्याच कारणाने वाटतं. इथे एक जुना नियम मोडला गेला, पण बंडाने नव्हे. ज्या पुस्तकांतून तो नियम आला, त्यांच्याही मागे जाऊन, अधिक जुनं पुस्तक उघडून, हवेला पुन्हा पहिल्यापासून विचारून. फुजिनो २०२२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा विमानावर काम सुरू करून त्यांना छत्तीस वर्षं झाली होती. त्यांचं हे विमान आपल्या वर्गात सलग काही वर्षं जगात सर्वाधिक ग्राहकांच्या हाती गेलं. होंडाने आता एशेलॉन नावाचं त्याहून मोठं जेट हाती घेतलं आहे. त्याचीही इंजिनं पंखांवरच आहेत.

होंडाजेटमध्ये बसण्याचा योग तुम्हा-आम्हाला येईल न येईल. पण ज्या आघात-लहरीशी फुजिनो झुंजले, ती पाहायला होंडाजेट लागत नाही. पुढच्या वेळी दुपारच्या विमानाने जाल तेव्हा पंखाच्या जरा मागची, खिडकीजवळची जागा मागून घ्या. विमान पुरेशा उंचीवर पोचून स्थिर झालं आणि सूर्य डोक्यावर असला, की पंखाच्या पाठीकडे निरखून पाहा. नशीब असेल तर पंखाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलेली एक बारीक, थरथरती, सावलीसारखी रेषा दिसेल. ती किंचित पुढे-मागे सरकत राहते. तीच आघात-लहर.